सत्तावीस अंशांखाली कापू नये

वरचा जबडा खिडकीत वाळतोय. खालचा अजून साच्यातच आहे.

*

सोफा जिन्याखाली उभा करून ठेवलाय. ज्याला बसायचं असेल त्याने पायरीवर बसावं.

*

"सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेल्या मालाच्या डाव्या कोपऱ्याचा अंगठ्याएवढा तुकडा गहाळ आहे, हे याआधीच्या सहा पत्रांत कळवलेच आहे."

*

डॉक्टरांनी तक्त्यावरची शेवटून तिसरी ओळ वाचायला सांगितली. पेशंटने वाचली. ती दिसली की पाठ होती, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

*

शिंप्याची कात्री खडूच्या रेघेवरून कधीच जात नाही.

*

किल्ल्यांच्या एका जुडग्याला पारदर्शक तुकडा लटकतो. त्याला सात भोकं आहेत. सहा गुळगुळीत, एक तडकलेलं.

*

चोवीस अंश.

*

आता हे सगळं एकाच घरात कसं जमा झालं ते सांगायला हवं.

घर मोजणीदारांचं. चौतीस वर्षं त्यांनी सरकारसाठी जमिनी मोजल्या. शेतं मोजली, ओढे मोजले, टेकड्या मोजल्या, आणि दोन भावांच्या भांडणात मधे उभं राहून फीत ताणली. निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीने घड्याळ दिलं. घरी येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि जाहीर केलं, "मी विमान बांधणार आहे." बायकोला वाटलं, सत्काराचं भाषण फार लांबलं असेल.

पण मोजणीदार बोलले ते खरं करणारे. आराखडे मागवले, गॅरेजमधली गाडी रस्त्यावर आली ती कायमचीच, आणि नऊ वर्षांत दोन माणसं बसतील असं एक विमान त्या गॅरेजात उभं राहिलं. पंख भिंतीला टेकवलेले. शेपटी दाराबाहेर. येणारे-जाणारे तिच्यावर हात ठेवून गप्पा मारत. राहिलं होतं फक्त झाकण. बसणाऱ्याच्या डोक्यावर असतं ते, काचेसारखं पण काच नव्हे असं, ॲक्रिलिकचं. कारखान्यातून ते एक भलामोठा फुगा असल्यासारखं येतं. कडेने जास्तीची पट्टी असते, ती आपण कापायची, उरलेलं घासून घासून विमानाच्या चौकटीवर बसवायचं. नियम एकच. ॲक्रिलिक गार असताना कापू नये. सत्तावीस अंशांच्या खाली हात लावला की तडकलं. आणि तडा एकदा निघाला की थेट पलीकडच्या टोकाला जाऊनच श्वास घेतो.

म्हणून ते गॅरेजात नाही, दिवाणखान्यात होतं. घरात त्याला सगळे बुडबुडा म्हणत. सात फूट लांब, साडेतीन फूट रुंद. चौदा महिने तो दिवाणखान्याच्या मधोमध दोन गाद्यांवर पडून होता, आणि मोजणीदार त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. पाहुणे आले की त्याच्या कडेकडेने पाठ घासत आत जात.

चौदा महिने का? कारण मोजणीदार मोजत होते.

*

पंचवीस अंश.

*

मोजणीदारांची बायको कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तिच्याकडे साचे पाठवत, ती पुढच्या खोलीत बसून त्यातून माणसांची तोंडं घडवत असे. तीस वर्षांचा धंदा. त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून आपणही बाई म्हणू.

आता कवळीचा गुलाबी भाग कशाचा असतो? ॲक्रिलिकचा. हे बाईंना माहीत होतं. मोजणीदारांनाही माहीत होतं. पण खोकं उघडलं त्या सकाळी बाई वाकून बुडबुड्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अहो, ही कड अशीच ठेवलीत तर—"

"अगं," मोजणीदार हसून म्हणाले, "हे विमान आहे. कवळी नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

छत्तीस वर्षांच्या संसारात त्या 'बरं'चा अर्थ मोजणीदारांना कळायला हवा होता. नाही कळला. त्यानंतर चौदा महिने ते बुडबुड्यापाशी उभे राहून स्वतःशी मोठ्याने बोलत, "आधी पुढून कापावं की मागून?" आणि बाई जबड्यांचं ताट घेऊन शेजारून जाताना म्हणत, "मला काय कळतंय? मी दातांची."

त्याच सकाळच्या पुढची गोष्ट: पावती शोधून, जेवून, डुलकी काढून मोजणीदार संध्याकाळी परत बुडबुड्यापाशी आले, तर डाव्या कोपऱ्याचा तुकडाच नाही. ते इतके संतापले की चष्मा न लावताच पहिलं पत्र लिहिलं. पुढची चष्मा लावून लिहिली.

*

सव्वीस अंश. (हीटर दोन.)

*

घाई अशी होती. विमान चालवायला डॉक्टरांचा दाखला लागतो. मोजणीदारांचे डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी सही केली, शिक्का मारला, मग पेन बंद करता करता म्हणाले, "या वेळी केली. पुढच्या वर्षी तुम्ही मला विचारू नका आणि मला नाही म्हणायला लावू नका."

म्हणजे दाखला संपायच्या आत उडायचं, नाहीतर नऊ वर्षांचं ते विमान म्हणजे गॅरेजातलं एक महागडं खुर्च्यांचं जोडपं. उरले होते दोन महिने. पाच आठवड्यांनी तपासनीस यायचा होता, आणि झाकणाशिवायच्या विमानाकडे तपासनीस बघतही नाही. दुसरा बुडबुडा मागवावा तर दीड वर्षाची रांग. हातात होता तो एकच.

मोजणीदारांना रात्री स्वप्नात 'टक्' असा आवाज यायचा. बस, एवढंच स्वप्न. चित्र नाही, नुसता आवाज.

शेवटी त्यांनी मेहुण्याला बोलावलं. बाईंचा धाकटा भाऊ, शिंपी. दुकानात सगळे त्याला मास्टर म्हणत, मोजणीदारही. मास्टरने आयुष्यात कापायच्या आधी कधी विचार केला नव्हता. नवरदेवाचा कोट असो की खिडकीचा पडदा, त्याची कात्री कुत्र्यासारखी पुढे पळायची आणि तो मागून चालायचा.

*

सत्तावीस अंश. (हीटर चार. एक समोरच्या न्हाव्याचा.)

*

खिडक्या बंद. दारांच्या फटींना टॉवेल. मोजणीदार आणि मास्टर दोघेही बनियनवर. बुडबुड्यावर आतून-बाहेरून संरक्षक कागद, आणि त्यावर मोजणीदारांनी काळ्या पेनने मारलेली रेघ, इतकी सुंदर की फ्रेम करून लावावी.

"दाजी," मास्टर म्हणाला, "माझ्या भुवयासुद्धा घामाने चिकटल्या. कापू का?"

"थांब. एकदा मोजतो."

"बारावी वेळ!"

"अकरावी. एकदा फीत हलली होती, ती धरत नाही."

"बंद खोलीत कशी हलली?"

"तू शिंकलास."

मोजणीदारांनी मोजलं. आधीच्या दहा वेळा जे आलं होतं तेच आलं, मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही. त्यांनी कटर उचलला. दाते नसलेली, खरखरीत चकतीची यंत्रं असतात, तसला. सुरू केला. हात पुढे नेला. हात रेघेपासून वीतभर अंतरावर थांबला आणि पुढे जाईना. मोजणीदारांनी त्या हाताकडे असं पाहिलं जणू तो शेजाऱ्याचा आहे.

कटर बंद केला. "बॅटरी उतरलीय बहुतेक."

"हा वायरचा आहे, दाजी."

बाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात कुणाचा तरी खालचा जबडा. जबड्याचे दात बाहेर होते आणि तो हसल्यासारखा दिसत होता, एवढं खरं.

"आणा इकडे," मास्टर म्हणाला, आणि मोजणीदार नाही म्हणायच्या आत कटर त्याच्या हातात होता, आणि ते हो म्हणायच्या आत तो पुढच्या वळणावर होता. पांढरा भुगा उडाला. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मोजणीदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि कान देऊन 'टक्'ची वाट बघत राहिले. वीस मिनिटं. 'टक्' आलं नाही. आला तो कापलेली कडेची पट्टी जमिनीवर पडल्याचा आवाज, आणि मास्टरचा, "घ्या! तयार!"

मोजणीदार वळले. चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, ते अर्ध्यातच राहिलं.

रेघ बुडबुड्यावर होती. अख्खीच्या अख्खी. जिथे कापायचं ती रेघ तशीच, आणि कड तिच्या दोन बोटं बाहेर.

"हे काय केलंस?"

"कापलं."

"रेघेवर का नाही कापलं?"

"रेघेवर?" मास्टरला खरंच समजेना. "दाजी, रेघेवर शिलाई येते. कापायचं बाहेरून. दाब नको सोडायला?"

"याला शिलाई मारायचीय का, शहाण्या?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही रेघ मारली, मी दाब सोडला. चाळीस वर्षं मी दाब सोडतोय. आजवर एक माणूस मला म्हणाला नाही की दाब का सोडलास. लोक जाडे होतात, दाजी!"

"विमान जाडं होत नाही!"

*

सव्वीस अंश. कुणीतरी रागात दार उघडं टाकलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी हीटर गॅरेजात गेले आणि बुडबुडा त्यांच्यामागून, दोन रजयांत गुंडाळून, बाळंतिणीसारखा. मोजणीदार डोक्याशी, मास्टर पायाशी. दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे "जरा डावीकडे" हे दोघांनीही विमानाला उद्देशून म्हटलं.

चौकटीवर ठेवला. तो बसला नाही, नुसता टेकला. दुसऱ्याची टोपी घातलेल्या माणसासारखं विमान दिसायला लागलं. पुढे वर, मागे वर, खांद्यापाशी फुगलेला.

मोजणीदारांनी कानस उचलली. कुठे घासायचं? सगळीकडेच जास्त दिसत होतं. एका जागी घासावं तर दुसरीकडून उचलला जाई. तासाभराने ते उलट्या बादलीवर बसले. मग उठले, पाय झटकले, आणि पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. बाई साच्यावर वाकलेल्या होत्या.

"अगं."

"चहा किटलीत आहे."

"चहा नको. म्हणजे… तू कवळी बसवतेस ना."

"बसवते."

"ती नीट बसली नाही तर काय करतेस?"

"कुणाची?"

"कुणाचीही. समज, एखादा मोठा माणूस आहे."

"किती मोठा?"

मोजणीदार दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "सात फूट."

गॅरेजातून मास्टरला ठसका लागल्याचा आवाज आला. बाईंनी साचा खाली ठेवला, हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला. पण उठल्या नाहीत.

"सरळ बोला."

पुढचं वाक्य छत्तीस वर्षांत मोजणीदारांनी कुणाला ऐकवलं नव्हतं. टेकडीवर, चिखलात, दोन भावांच्या काठ्यांच्या मधे उभं असतानाही नाही. ते म्हणाले, "मला जमत नाहीये. तू बघतेस का?"

"बरं," बाई म्हणाल्या. हे 'बरं' वेगळं होतं. हे मोजणीदारांना लगेच कळलं.

*

अठ्ठावीस अंश. (ऊन आलं होतं.)

*

बाईंनी विमानाला एक चक्कर मारली. आधी बुडबुड्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग त्या सुंदर काळ्या रेघेकडे. शिवणाच्या डब्यातली कापडी फीत मागवली आणि ती चौकटीच्या वळणावरून, अंगाला चिकटवून फिरवली. तोंडातल्या तोंडात आकडा पुटपुटला. मग तीच फीत रेघेला लावली.

"ही चौकट मोजलीत कशी?"

मोजणीदार खुलले. या प्रश्नाची ते चौदा महिने वाट बघत होते. "फीत आडवी धरायची, अगदी पाण्यासारखी सपाट. टोकाला ओळंबा सोडायचा. तो टेकतो तिथपर्यंतचं आडवं अंतर."

"आणि वळण?"

"वळण धरत नाहीत. जमीन कायम सपाट धरूनच मोजतात. टेकडी चढताना पायाला चार पावलं जास्त पडतात, पण नकाशात जमीन तेवढीच भरते. नियमच आहे."

"आणि यावर रेघ मारताना?"

"फीत चिकटवून मार—" मोजणीदार थांबले.

मास्टर हळूच पुढे आला.

"ताई, म्हणजे रेघेवर कापलं असतं तर?"

"खांद्यापाशी बोटभर कमी पडलं असतं," बाई म्हणाल्या. "मग याला खिडकीत ठेवून झाडं लावली असती."

मोजणीदारांनी अकरा वेळा मोजलं होतं, आणि अकराही वेळा रेघ त्या सपाट टेकडीच्या आकड्याशीच ताडून पाहिली होती. दर वेळी तोच आकडा यायचा म्हणून दर वेळी त्यांना जास्तच खात्री वाटायची. त्यांनी मास्टरकडे पाहिलं. मास्टरने छातीवर हाताची घडी घातली.

"बोला, दाजी. काय होतं ते? दाब. म्हणा."

"दाब," मोजणीदार म्हणाले.

"ऐकू नाही आलं. हीटरचा आवाज फार आहे."

"दाब! दाब! घे, झालं?"

पुढचे कित्येक दिवस मास्टर गिऱ्हाइकांच्या विजारी शिवता शिवता हेच सांगत होता, आणि दर सांगण्यात बोटभराची वीत होत होती.

*

बाईंच्या कपाटात निळ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. कवळी घातल्यावर कुठला दात उंच लागतो ते बघायला त्या दातांत धरून चावायला लावतात; जिथे टेकतं तिथे निळा डाग उमटतो. डाग दिसला की तेवढंच घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा चावा.

तसंच केलं. चौकट आणि बुडबुडा यांच्यामधे पट्टी सरकवायची, वरून दोघांनी हलकेच दाबायचं. "चावा," बाई म्हणायच्या. उचलायचा. निळे डाग. मोजणीदारांनी कानशीने घासायचं, मग बारीक पॉलिश पेपरने कड इतकी गुळगुळीत करायची की बोटाला खाच लागू नये, कारण तडा खाचेतूनच निघतो. मग पुन्हा.

"एकदम खाऊ नका हो. थोडं थोडं."

"एवढंच राहिलंय—"

"तुमच्याच तोंडात बसवतेय असं समजा."

तीन आठवडे. रोज अकरा ते चार, गॅरेजवर ऊन असेपर्यंत. मोजणीदारांच्या नाकाखाली निळी मिशी उगवली ती धुऊन जाईना. तिसऱ्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "बाई, तुम्ही निळा कागद चौथ्यांदा मागवलात. एवढे पेशंट आले कुठून?"

"एकच आहे," बाई म्हणाल्या. "तोंड मोठं आहे."

भोकं पाडायच्या आधी बाईंनी ड्रिलच्या पात्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं, म्हणजे ते ॲक्रिलिकमध्ये एकदम घुसत नाही. चौपन्न भोकं पाडायची होती. त्रेपन्न बाईंनी पाडली. चौपन्नावं मोजणीदार म्हणाले, "मी पाडतो."

टक्.

तोच आवाज. स्वप्नातला. भोकाच्या कडेतून नखाएवढा एक पांढरा तडा निघाला होता. मोजणीदारांनी ड्रिल खाली ठेवलं. नऊ वर्षं एका नखाएवढी झाली.

बाईंनी पुढे होऊन पाहिलं. सगळ्यात बारीक पातं लावलं आणि तड्याच्या अगदी टोकावर, शांतपणे, टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक पाडलं.

"आता पुढे जाणार नाही. टोक गोल झालं की तड्याला वाट सापडत नाही."

"नक्की?"

"कोपऱ्यावरच्या शिक्षकांची कवळी अशीच बारा वर्षं चाललीय. त्यांना सांगू नका."

*

तपासनीस आला. उंच, अबोल माणूस. झाकण उघडलं, लावलं, कडेने कागदाचं पान सरकवून पाहिलं. पान कुठेच आत जाईना. बारीक भोकापाशी तो बराच वेळ थांबला, मग वहीत काहीतरी लिहिलं.

"हे काम कुठे शिकलात?"

"घरी," मोजणीदार म्हणाले.

दाखला संपायला नऊ दिवस असताना मोजणीदार उडाले. धावपट्टीच्या कुंपणाशी बाई आणि मास्टर. मास्टरने डोळे मिटून घेतले होते आणि दर दहा सेकंदांनी विचारत होता, "ताई, आहेत का?" "आहेत." "आता?" "अरे आहेत."

सात मिनिटं. मोजणीदार उतरले, झाकण वर केलं. बाईंनी विचारलं, "मानेला वारा लागला का?"

"नाही."

"कुठे टोचलं, खडखडलं?"

"नाही."

"मग बसली," बाई म्हणाल्या, आणि झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

त्याच आठवड्यात कारखान्याचं उत्तर आलं. मोजणीदारांनी ते तीनदा वाचलं, मग सोफ्यावर, आता तो जागेवर आला होता, बसून मोठ्याने वाचलं: "आपली नऊ पत्रे व कोपऱ्याचे छायाचित्र मिळाले. माल आमच्याकडून अखंड निघाला होता. तसेही तो कोपरा कापूनच टाकायचा असतो. मात्र छायाचित्रातील उरलेली कड अतिशय उत्तम घासलेली आहे. ती कोणी घासली, कृपया कळवावे. आम्हाला अशा माणसांची गरज आहे."

"याचा अर्थ काय घ्यायचा?" मोजणीदार म्हणाले.

"मला काय कळतंय?" बाई म्हणाल्या आणि कपाट उघडायला किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या.

बुडबुडा आला त्या दुपारी, सव्वातीनच्या सुमाराला, मोजणीदार झोपले असताना बाईंनी त्याचा डावा कोपरा कापून घेतला, उरलेली कड घासून ठेवली, आणि त्या तुकड्याला सात भोकं पाडून पाहिली.